कोंडीराम फिटरचं सपाट झाकण

तुमच्या हातात बाळाचा ओला लंगोट आहे. गॅलरीतल्या दोऱ्या भरलेल्या. समोर कमरेइतक्या उंचीची एक लाकडी पेटी, तिचं झाकण सपाट, गुळगुळीत, हाताला छान कोमट लागणारं. लंगोट कुठे वाळत टाकाल?

मी हा प्रश्न पुष्कळ बायांना विचारलाय. "इश्श, पेटीवर कशाला टाकू" असं म्हणणाऱ्या बाईलाच मी नंतर त्या पेटीवर दुपटं पसरताना पाहिलंय. त्यामुळे तुमचं उत्तर मी ऐकून घेईन, पण त्यावर विश्वास ठेवणार नाही. राग मानू नका. ही पेटी ज्यानं बनवली त्यानं मला हे शिकवलं, आणि ते शिकायची किंमत एका पोरीच्या जिवानं दिली.

कोंडीराम लालबागच्या एका मिलमध्ये मेकॅनिक खात्यात फिटर. राहायला करी रोडला, आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर. हाडकुळा, ताडमाड, डोक्याला काळी टोपी, कानामागे पेन्सिल. स्वभावानं अट्टल बढाईखोर. मिल सुटली की स्टोव्ह, शिलाईची मशिनं, दवाखान्यातले सुया उकळायचे डबे असलं काहीबाही दुरुस्त करत बसायचा आणि हात चालू असताना तोंड बंद ठेवायचा नाही. "विलायतेत हे करायला चार इंजिनेर लागतात," म्हणायचा, "आणि चौघांना चहा लागतो. हितं मी एकटा, आणि चहापण मीच करतो."

"चहा मी करते," आतून त्याची बायको कमळाबाई म्हणायची.

"चहा ती करते," तो म्हणायचा. "फरक तेवढाच."

स्वतःच्या हातानं नवी बनवलेली वस्तू असली की तिच्यावर तो पितळेची बोटभर पट्टी ठोकायचा. तिच्यावर छिन्नीनं कोरलेलं: कोंडीराम फिटर, करी रोड. चाळीतल्या गणपतीच्या मखरावरसुद्धा त्यानं ती ठोकली होती. त्यावरून भांडण झालं, पण पट्टी राहिली.

परळच्या एका गल्लीत एक प्रसूतिगृह आहे. नाव लिहीत नाही, कारण आज तिथे वेगळी माणसं आहेत. डॉक्टर मृणालिनीबाई दादरहून यायच्या. हुशार बाई, बोलणं पुस्तकी, पण आमच्या बायांना अरेतुरे न करणारी. अपुऱ्या दिवसांची पोरं गारठून जातात, म्हणून त्यांना ऊबेची पेटी हवी होती. परदेशाहून येणारी पेटी ट्रस्टींना परवडेना. मग बाईंनी कागदावर चित्र काढलं आणि कोंडीरामनं ते सागवानात उतरवलं. खाली विजेचे दिवे, वर फळी, फळीवर गादी, गादीवर पोर. दिव्यांची ऊब फळीच्या कडेनं वर यायची आणि झाकणात ओळीनं पाडलेल्या भोकांतून बाहेर जायची. पुढच्या बाजूला काच, काचेआड थर्मामीटर टांगलेला. वाचून बघा, चूक सापडते का. मला सापडली नव्हती. मृणालिनीबाईंनाही नाही.

पेटीनं पोरं जगवली, हेही लिहिलं पाहिजे. आमच्या चाळीत तीन-चार धावताहेत. त्यांच्या आया त्यांना रागावताना म्हणतात, "कोंडीरामच्या पेटीत होतास तोवर बरा होतास." कोंडीराम हे ऐकून मिशीवर हात फिरवायचा. त्याची कीर्ती ऐकून दुसऱ्या प्रसूतिगृहांनीही त्याच्याकडून तसल्याच पेट्या करून घेतल्या, आणि त्या बघून सुतारांनी आणखी कुठेकुठे नकला केल्या.

एक गोष्ट मात्र त्यानं कधी पाहिली नाही. बाळ आत असताना पेटी कशी दिसते, ही. बाळंतिणींच्या खोलीत पुरुषाला मज्जाव. नवऱ्याला दारातून परत पाठवायचे, तिथे फिटरला कोण आत घेणार? काही बिघडलं की आया पेटी बाहेर व्हरांड्यात आणून ठेवायच्या. आणण्याआधी ती लख्ख पुसायच्या, वरचं सगळं उचलून ठेवायच्या. पाहुण्यासमोर घर आवरावं तसं. म्हणजे कोंडीरामला त्याची पेटी कायम आवरलेली दिसली.

त्या खोलीतली मुख्य आया बकुळा. आमच्या मागच्या चाळीतली, आंबेडकरांना मानणाऱ्या घरातली, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. तिनं किती पोरं पहिल्यांदा हातात घेतली असतील, तिचं तिला ठाऊक.

आता छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून शहर पेटलेलं, संचारबंदी, गोळीबार. आम्ही संयुक्त महाराष्ट्रवाले रस्त्यावर. प्रसूतिगृहाची नर्स शैला गिरगावात अडकलेली, ती येऊ शकली नाही. मृणालिनीबाई आदल्या दिवसापासून घरी न जाता तिथेच राहिलेल्या, आणि त्या दुपारी खालच्या मजल्यावर एका अडलेल्या बाईपाशी. वरच्या खोलीत बकुळा एकटी, सगळ्या बाळंतिणींना एकटीच बघत होती. राधा म्हणून एका मिल कामगाराची बायको होती, तिची आठव्या महिन्यात झालेली मुलगी पेटीत होती.

गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. धूर खिडकीतून आत आला. बकुळानं खिडक्या लावल्या, पण एकीची काच दगडानं आधीच फुटलेली. बाया खोकायला लागल्या, डोळे चोळायला लागल्या. राधा खाटेवरून ओरडली, "माझ्या पोरीला झाक गो, बकुळे, तिला धूर लागंल." बकुळानं राधाच्याच अंगावरची गोधडी ओढली आणि पेटीवर टाकली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत. मग ती फडकी भिजवून बाकीच्यांच्या डोळ्यांवर ठेवत फिरली, खाटा ओढून भिंतीकडे नेल्या. धूर ओसरायला वेळ लागला.

गोधडीनं झाकणाची भोकं बुजली. काचही झाकली गेली, म्हणजे थर्मामीटर दिसेना. दिवे आपले खाली जळतच होते. डॉक्टरीणबाई वर आल्या, गोधडी उचलली, तेव्हा मुलीचं अंग भट्टीसारखं. ओल्या फडक्यांनी पुसलं, जे करता येतं ते केलं. संध्याकाळी गेली. तिचं बारसंही झालं नव्हतं.

संचारबंदी उठल्यावर मला कळलं. बकुळाला कामावरून घरी बसवलं होतं. ट्रस्टचे चिटणीस शामराव, गिरगावातले, वकिलाच्या कचेरीत उमर घालवलेले. त्यांनी तिला सांगितलं होतं, कमिटीची बैठक होईल, आणि निष्काळजीपणानं मूल मारलं असं ठरलं तर पोलिसांकडे देऊ. मी बकुळाकडे गेले. ती तांदूळ निवडत बसली होती.

"काय करायचं ठरवलंस?" मी विचारलं.

"काय करणार? कोणी विचारलं तर सांगेन, मी झाकली. माझ्याच हातानं झाकली."

"असं सांगशील तर आत जाशील."

"मग काय सांगू? गोधडी आपोआप उडून बसली?"

माझं डोकं तापलं. मी मनात मोर्चाच काढला, प्रसूतिगृहाच्या दारात, लाल अक्षरांचे फलक. पण मोर्चानं बकुळाला वाचवायचं तर दोष कुणाचा ते सांगायला हवं. म्हणून मी कोंडीरामच्या दाराशी गेले. त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: पेटीत खोट आहे.

"माझ्या पेटीत खोट?" तो स्टोव्हची पिन हातात घेऊन उभाच राहिला. "भोकं बुजवली तर काय होणार? माणसाचं नाक दाबलं तर मरंल, मग देवानं नाक चुकीचं लावलं म्हणशील?"

"दादा, पोर मेलंय. तुझी पेटी मेली नाही."

"मला काय कळत नाय काय ते? पण मी पट्टी ठोकलीय तिच्यावर. उद्या अख्खं परळ म्हणंल, कोंडीरामनं पोर भाजली. बाकीची जगली त्यांचं नाव कोण काढील?"

"आणि बकुळा तुरुंगात गेली तर?"

"तिनं झाकायला नको होती."

मी खूप बोलले, लिहिता येणार नाही असंही बोलले. तो पुन्हा स्टोव्हला पिन मारत बसला. मी निघता निघता दारातून म्हटलं, "मिलमध्ये मशिनच्या फिरत्या पट्ट्यावर लोखंडी जाळी कोण बसवतो रे?"

"मी."

"कशाला? पट्ट्यात हात घालू नये हे कामगाराला कळत नाही? दूधखुळा आहे तो?"

त्यानं पिन खाली ठेवली. कमळाबाई मोरीपाशी भांडी घासत होती, तिनं हात थांबवला. मी घरी गेले. माझा राग काही शांत झाला नव्हता, पण बाण कुठे बसला ते मला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिलला जायच्या आधी तो माझ्या दारात. टोपी हातात. "बाय, मला आत न्यायचं बघ. बाळंतिणींच्या खोलीत. मला बघायचंय."

मृणालिनीबाईंना मी जाऊन भेटले. त्या दिवसांत त्या झोपत नव्हत्या, ते त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. म्हणाल्या, "खोलीत नाही नेता येणार, बायका बिचकतील. पण व्हरांड्याला लागून जो पडदा आहे, त्याच्यामागे बसा म्हणावं. रविवारी." पेटी त्या दिवशी रिकामीच होती. कोंडीरामच्या सांगण्यावरून तिचे दिवे लावले आणि ती पुसून तिच्या नेहमीच्या जागी ठेवली. कुणालाही काही सांगायचं नाही, एवढीच त्याची अट. कमळाबाई सोबत आली होती, परक्या पुरुषासोबत एक घरची बाई असावी म्हणून.

आम्ही पडद्याआड बसलो. आधी एक म्हातारी आली, सुनेसाठी डिंकाचा लाडू घेऊन. डबा ठेवायला जागा शोधली आणि पेटीवर ठेवला. कोंडीराम हळूच म्हणाला, "ती नवी आहे, तिला म्हाईत नाय." मग बदली आया आली. तिनं डबा बाजूला सरकवला आणि ओल्या लंगोटांची चळत झाकणावर एकेक करून पसरली. हात असा सराईत चालत होता, जणू झाकण त्याच्यासाठीच केलं होतं. मग एका बाळंतिणीची बहीण, पोर कडेवर घेऊन. तिनं लंगोटांवर हात ठेवून ऊब बघितली, आणि पोराचं टोपडं काढून तेही वर ठेवलं. "गरम घातलेलं बरं," असं बहिणीला म्हणाली.

"भोकं दिसत नायत त्यांना?" कोंडीराम कुजबुजला.

"दिसतात की," कमळाबाई म्हणाली. "वाटतं, वाफ यायला ठेवलीत. इडलीच्या भांड्याला असतात तशी."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "तू ठेवलं असतंस?"

"मी? मी तर मघाशी पडद्याआड यायच्या आधी माझी पिशवी तिच्यावरच ठेवली होती. तुम्ही बघितलं नाही?"

मग मृणालिनीबाई फेरीला आल्या. सगळं ठाऊक असलेल्या, चित्र काढणाऱ्या त्या. एका बाईची नाडी बघायची होती, हात मोकळे हवे होते. त्यांनी मान न वळवता गळ्यातली तपासायची नळी काढली आणि लंगोटांच्या मधोमध पेटीवर ठेवली. ठेवल्यावर त्यांना उमगलं. तिथेच थबकल्या. पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर खाली केली.

कोंडीराम उठला. व्हरांड्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं रडतोय, पण तो बोलत होता, स्वतःशीच, मशिनशी बोलायचा तसा. "सपाट केलं. कमरेइतकं उंच केलं. वर गरम केलं. आणि म्हणे काय ठेवू नका. मी टेबल करून दिलं गो यांना. शेगडी लावलेलं टेबल."

कोंडीराम बैठकीत बोलणार हे शामरावांच्या कानावर गेलं, आणि आदल्या दिवशी ते स्वतः करी रोडला आले. आमच्या जिन्यावर असलं धुवट धोतर क्वचित चढतं, त्यामुळे सगळ्यांच्या दारात माणसं. शामरावांनी कोंडीरामला समजावलं. "तुमच्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. पेटी उत्तम आहे. ट्रस्ट आणखी दोन करून घेणार आहे, तुमच्याकडूनच. तुम्ही उद्या येण्याचं कारण नाही. ही बाईची चूक आहे. अशा वस्तीतल्या बायका ठेवल्या की असं व्हायचंच."

मी मधे पडणार होते. कोंडीरामनं हात आडवा केला. "साहेब, मी पण अशाच वस्तीतला. पेटीपण अशाच वस्तीतली. उद्या येतो."

बैठकीत माझा काही उपयोग झाला नाही, हे सरळ सांगते. मी आवाज चढवला. शामराव म्हणाले, "हरताळ तुमचे, नर्स पोचली नाही ती तुमच्यामुळे." मी म्हटलं, "अश्रुधूर आमचा नव्हता." असं दोन्हीकडून चाललं आणि बकुळा भिंतीशी उभी, पदर बोटाला गुंडाळत. राधालाही मी आणलं होतं. ती ओली बाळंतीण, पण आली. तिला कोणी बोलायला सांगितलं नाही, तरी ती बोलली. "मीच सांगितलं झाक म्हणून. तिनं झाकली नसती तर मी उठून झाकली असती." मग पदर तोंडाला लावून खाली बसली.

कोंडीराम पेटीचं नुसतं झाकण काढून घेऊन आला होता. ते त्यानं कमिटीच्या टेबलावर ठेवलं, पितळी पट्टी वर करून. "साहेब, ह्या झाकणावर रविवारी लाडवाचा डबा होता. लंगोट होते. डॉक्टरीणबाईंची नळी होती. माझ्या बायकोची पिशवी होती. त्या दिवशी गोधडी पडली. गोधडी आज ना उद्या पडणारच होती, बकुळा नसती तर दुसरी कोण. मिलमध्ये पट्ट्यात हात गेला तर आम्ही पट्टा झाकतो, हात तोडत नाय. हे झाकण मी चुकीचं केलं. वर माझं नाव हाय, वाचा."

मृणालिनीबाईंनीही सांगितलं, चित्र माझं होतं. एवढं सांगायला त्यांना कष्ट पडले, पण सांगितलं.

बकुळा पोलिसांकडे गेली नाही. कामावरही राहिली, पण बाळंतिणींच्या खोलीत नाही, धुण्याकडे. तिनं तक्रार केली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. परत आल्यावर मी तिला विचारलं, खोलीत परत घ्या म्हणून भांडू का? म्हणाली, "नको. हात थरथरतात पोर घेताना." मी तिच्यासाठी लढले आणि जिंकले असं लोक म्हणतात. मी ते ऐकून घेते.

कोंडीरामला ट्रस्टनं पुन्हा काम दिलं नाही. "फिटरनंच कबूल केलं" ही बातमी दवाखान्यांतून फिरली, आणि लोक सुया उकळायचे डबेसुद्धा दुसरीकडे नेऊ लागले. पण त्यानं मृणालिनीबाईंच्या पेटीला नवं झाकण केलं, कुणी न मागता. कौलारू छपरासारखं, दोन्हीकडे उतार. वर काही ठेवलं की घसरून खाली. भोकं बाजूला, खालच्या अंगाला, आणि त्यांच्यापुढे बोटभर लांब खुंट्या, म्हणजे कापड लोंबलं तरी भोकाला चिकटणार नाही. मृणालिनीबाईंनी तिच्यावर गोधडी टाकून बघितली. घसरली. पुन्हा टाकली. पुन्हा घसरली. त्या तिसऱ्यांदा टाकायला लागल्या तेव्हा कोंडीराम म्हणाला, "बाई, पुरे."

पितळी पट्टी त्यानं या झाकणावरही ठोकली. मला वाटलं होतं, तो आता नाव लावायचं सोडेल. म्हणाला, "नाव नसंल तर चुकलं तेव्हा कोणाकडं येतील?"

त्यानंतर एवढी वर्षं झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीनं निवडणुका लढवल्या, मुंबईसकट महाराष्ट्र मिळाला, आम्ही गुलाल उधळला. त्या सगळ्या काळात कोंडीराम सुट्टीच्या दिवशी पाठीवर उताराचं झाकण बांधून माझगाव, शिवडी, वरळी, भायखळा असा हिंडत होता, आपल्या जुन्या पेट्या आणि त्यांच्या नकला शोधत. मी सोबत जायचे, कारण आत जायला बाई लागते. कुठे झाकण बदलू देत. कुठे दारावरूनच हाकलत, "आमच्याकडे काही झालेलं नाही," म्हणून. हे वाक्य त्याला सगळ्यात जास्त लागायचं. "झाल्यावर बोलवाल काय," असं तो जिना उतरताना पुटपुटायचा. वरळी कोळीवाड्याजवळच्या एका ठिकाणी पेटीवर सुकटीची टोपली ठेवलेली मी या डोळ्यांनी पाहिली, आत मूल असताना. ती टोपली मी उचलली तेव्हा तिथली आया माझ्यावरच डाफरली.

आता त्याच्या छातीत दम राहिलेला नाही. जिने चढवत नाहीत. दारात खुर्ची टाकून बसतो, बढाया कमी झाल्यात. परवा म्हणाला, "बाय, सुतारांनी नकला किती केल्या ते मला कधी कळलंच नाय. कुठंतरी एक असंलच अजून." ते म्हणताना तो माझ्याकडे नव्हे, गल्लीकडे बघत होता, जणू ती पेटी कोपऱ्यावरून वळून येणार आहे.

म्हणून हे लिहिलं, आणि म्हणून आता तुमच्याकडे मागते आहे. तुमच्या विभागातल्या प्रसूतिगृहात कुणाला भेटायला गेलात, आणि ऊबेची पेटी दिसली, तर तिच्या झाकणावरून हात फिरवा. त्यावर जे काही असेल ते उचला, कुणी डाफरलं तरी उचला. झाकण सपाट असेल, भोकं वर असतील, तर तिथल्या डॉक्टरांना विचारा, यावर गोधडी पडली तर काय होईल, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका. मग करी रोडला येऊन कोंडीराम फिटरच्या दारात फक्त एवढं सांगा, पेटी कुठे आहे. उताराचं झाकण तयार आहे. ते उचलून न्यायला मी येते.